एका रात्रीची एक सीडी

ऑपरेटिंग सिस्टीमचा अख्खा संच घरी उतरवून ठेवायचं खूळ आपल्याकडे परवडायला लागलं ते बीएसएनएलच्या रात्रीच्या सवलतीमुळे. 2005च्या जानेवारीत ‘डेटावन’ ब्रॉडबँड सुरू झालं. वेग 256 केबीपीएस, आणि काही प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 कितीही उतरवा, जादा पैसे नाहीत. लूमच्या रातपाळ्या करणाऱ्या सुरतेतल्या खानदेशी वस्तीला, म्हणजे उधना-लिंबायतला, रात्री दोनला जागं असणं काही नवं नव्हतं. हिशेब मोठा गमतीचा आहे. या वेगानं सहा तासांत कागदोपत्री 69 कोटी 12 लाख बाइट येतात आणि 74 मिनिटांच्या सीडीत सुमारे 68 कोटी 20 लाख मावतात. एका रात्री एक सीडी! त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘डेबियन’ या ऑपरेटिंग सिस्टीमची 3.1 आवृत्ती आली ती 14 सीड्यांची, म्हणजे पंधरवड्याचं काम. प्रत्यक्षात लाइन तुटायची, आठ वाजता शेवटचे काही एमबी राहून जायचे आणि ‘विगेट’ या फायली उतरवणाऱ्या प्रोग्रामला दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे सुरू करायला सांगावं लागे. त्याआधी डायल-अपवर हीच एक सीडी उतरवायला फोन सलग 27 तास अडकवावा लागला असता. म्हणून तर संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीला एवढा भाव होता.

या 14 सीड्या येत त्या 14 फायलींच्या रूपानं, शेवटी ‘डॉट आयएसओ’ लावलेल्या. अशी इमेज म्हणजे चकतीवरच्या फायलींचं गाठोडं नव्हे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत चकती जशी आहे तशी ओळीनं लिहून काढलेली असते. सुरतेच्या जेकार्ड मागांसाठी नक्षीचे पुठ्ठे पाडणाऱ्याला फूल कोणतं हे ठाऊक नसलं तरी चालतं, भोकाच्या जागी भोक पडलं की झालं. तसंच हे.

या इमेजचं कूळ मात्र भांडकुदळ. फिलिप्स आणि सोनी यांनी 1983मध्ये सीडी-रॉमचे नियम ठरवले, पण फायली कशा मांडायच्या ते ठरवलंच नाही. गाण्याच्या सीडीचा 2352 बाइटांचा सेक्टर घेतला, त्यातले 2048 माहितीला दिले आणि उरलेले मुख्यतः चुका पकडायला व दुरुस्त करायला. पुढे प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाची चकती दुसऱ्याला वाचता येईना. मग 1985मध्ये नेवाडातल्या ताहो सरोवराकाठच्या ‘हाय सिएरा’ हॉटेलात, जिथे जुगाराचा अड्डाही होता, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, डेक, फिलिप्स, सोनी वगैरे मंडळी जमली. त्यातून जी मांडणी निघाली ती थोड्या फेरफारांनी 1988मध्ये आयएसओ 9660 झाली. फायलीच्या मागचं शेपूट तिथलं.

त्या वेळची तडजोड आजही कोणत्याही इमेजमध्ये डोळ्यांनी दिसते. सुरुवातीचे 16 सेक्टर, म्हणजे 32 किलोबाइट, नियमानं रिकामे सोडलेले, ज्याला हवं त्यानं वापरावेत. सतराव्यात ‘सीडी001’ ही खूण. त्यानंतर आकडे, आणि महत्त्वाचे आकडे दोनदा! काही प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी ठेवत, काही मोठा, आणि माघार कुणालाच घ्यायची नव्हती. त्यामुळे 2048 हा आकडा ‘00 08 08 00’ असा, दोन्हींकडून वाचता येईल असा बसवलाय. तिथेच आणखी दोन रकाने आहेत: संचात चकत्या किती आणि ही कितवी. अख्खा संच ही कल्पना जन्मापासूनच त्यात होती म्हणायची. व्यवहारात मात्र क्रमांक चकतीच्या नावातच लिहायची पद्धत पडली.

सीडीवरून थेट मशीन सुरू करायची सोय 1995मधली, फीनिक्स आणि आयबीएमची. तिचं नाव ‘एल तोरितो’, एका मेक्सिकन रेस्तराँवरून. या क्षेत्रातली नावं हॉटेलांतच का जन्मतात कोण जाणे.

डेबियनचा संच वाढत गेला तसा तो साठवणाऱ्या सर्व्हरांनाच जड झाला. त्यावर रिचर्ड ॲटेरर यांनी ‘जिगडो’ लिहिलं. त्यात इमेजऐवजी तिचा सांगाडा आणि फायलींची यादी उतरवायची. फायली जवळच्या मिररवरून आणून तुमच्याच मशीनवर बाइटला बाइट तीच इमेज जुळते. चेकसम जुळला नाही तर ती टाकून द्यायची, तिथे भिडस्तपणा नको. आज डेबियनच्या पहिल्या डीव्हीडीपुढच्या बहुतेक डीव्हीड्या अशाच जुळवून घ्याव्या लागतात.

उतरवलेला संच ठेवायचा कुठे, हा प्रश्न सुरतेला निराळा सांगायला नको. ऑगस्ट 2006मध्ये उकाई धरणाचं पाणी शहराच्या बहुतेक भागात शिरलं. तळमजल्यावरची एकुलती प्रत म्हणजे संग्रह नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी, भुसावळला नातेवाईक असले तर उत्तम.

आणि ठेवायचं कशाला, तर चालू आवृत्ती जुन्याबद्दल बोलत नाही म्हणून. 2007च्या एप्रिलमध्ये आलेल्या 21 सीड्यांच्या डेबियन 4.0मध्ये नवा चित्रमय इन्स्टॉलर होता आणि त्यात गुजराती होती. मराठी नव्हती, ती फेब्रुवारी 2009च्या 5.0मध्ये आली. म्हणजे मधली दोन वर्षं लिंबायतच्या एखाद्या पाटलाला इन्स्टॉलर स्वतःच्या लिपीजवळचा हवा असेल तर हिंदी घ्यावी लागे, नाहीतर शाळेतली गुजराती. आजच्या भाषांच्या यादीत मराठी आणि गुजराती दोघीही आहेत. हा फरक दाखवायला 4.0ची पहिली सीडीच लागते.