बँडकॅम्प

बँडकॅम्प : स्वतंत्र संगीतकारांना आपले ध्वनिमुद्रित संगीत आणि त्यासोबतच्या वस्तू श्रोत्यांना थेट विकता याव्यात यासाठी चालवले जाणारे अमेरिकन संकेतस्थळ. स्थापना २००७, सप्टेंबर २००८ मध्ये सर्वांसाठी खुले. संस्थापक ईथन डायमंड, शॉन ग्रुनबर्गर, जो होल्ट आणि नील टकर. डायमंड हे ऑडपोस्ट या ईमेल सेवेच्या संस्थापकांपैकी. ती सेवा २००४ मध्ये याहूने विकत घेतली. रेकॉर्ड कंपनीच्या पाठबळाशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला इंटरनेटवर पैसे नेमके कुठून मिळतात, हे समजून घ्यायला बँडकॅम्पइतके सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

पार्श्वभूमी : स्वतंत्र कलाकारांच्या सीडी घरपोच विकण्याचे काम डेरेक सिव्हर्स यांच्या सीडी बेबीने १९९८ पासून चालवले होते. २००३ मध्ये ॲपलचे आयट्यून्स स्टोअर आले आणि एकेक गाणे ९९ सेंटला मिळू लागले. ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ठरवण्याचे काम श्रोत्यांवर सोपवले. त्याची जगभर वाहवा झाली. पण रेडिओहेडला तोवरची कीर्ती एका बड्या कंपनीच्या जाहिरातबळावर मिळाली होती, हे त्या कौतुकात बाजूला राहिले. नावही कुणाला माहीत नसलेल्या बँडपुढची अडचण साधी होती. संकेतस्थळ कोण बांधणार, पैसे कसे घेणार, आणि मोठ्या फाइली शंभर जणांना एकाच वेळी कशा पोचवणार? बँडकॅम्पने हे सारे एका पानावर फुकट करून दिले. स्वतःचा हिस्सा घ्यायला कंपनीने २०१० मध्ये सुरुवात केली.

व्यवहार : कलाकार मूळ दर्जाची ध्वनिफाइल चढवतो, विकत घेणारा ती एमपी३, फ्लॅक किंवा आणखी काही स्वरूपांत उतरवून घेतो. किंमत कलाकार ठरवतो. ती ठरावीक ठेवता येते, किमान आकडा देऊन पुढचे श्रोत्याच्या मर्जीवर सोडता येते, शून्यही ठेवता येते. किमान आकड्याच्या वर स्वखुशीने पैसे देणारे श्रोते इथे नियमित भेटतात. फुकटात ऐकण्याची सोय असताना हे घडते, हे विशेष. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेते. बारा महिन्यांतली विक्री ५,००० डॉलरवर गेली की हा हिस्सा १० टक्क्यांवर येतो. टी-शर्ट, कॅसेट, तबकड्या अशा वस्तूंवर तो १० टक्केच असतो. पैसे वळते करणाऱ्या सेवेचे शुल्क वेगळे. म्हणजे १० डॉलरच्या अल्बममागे कलाकाराच्या हाती साधारण आठ डॉलर पडतात. नवख्यांना गोंधळात टाकणारी एक रीत सांगायला हवी : पेपॅलवरून होणाऱ्या विक्रीची रक्कम आधी सरळ कलाकाराकडे जाते आणि बँडकॅम्पचा हिस्सा त्याच्या नावे साचत राहतो. साचलेल्या रकमेच्या तोलाची एखादी विक्री झाली की ती अख्खी कंपनीकडे वळते. पैसे गेले कुठे, असे त्या दिवशी वाटू शकते.

स्ट्रीमिंगचे गणित याहून निराळे. स्पॉटिफायसारख्या सेवा महिन्याची जमा एका ठिकाणी गोळा करतात आणि एकूण ऐकण्यात ज्या गाण्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम त्याच्या हक्कधारकांकडे धाडतात. एखाद्या श्रोत्याने महिनाभर एकाच बँडची गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी त्या बँडच्या वाट्याला येत नाही. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळतच नाही. लहान कलाकाराने तिथे असू नये, असा याचा अर्थ नव्हे. नवा श्रोता बहुधा तिथेच भेटतो. मात्र तिथल्या हजेरीला जाहिरात मानणे आणि हिशेबाची वही दुसरीकडे उघडणे शहाणपणाचे.

प्रसिद्धीची साधने : दुकानातला गल्ला आणि गिऱ्हाइकांची वही एकत्रच असावी, तशी बँडकॅम्पची रचना आहे. विकत घेणारा संमती देतो तेव्हा त्याचा ईमेल पत्ता कलाकाराला मिळतो. अल्बमच्या बदल्यात पैशांऐवजी नुसता पत्ता मागण्याचीही सोय आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी टी-शर्टबरोबर डाउनलोडचा संकेतांक छापलेली चिठ्ठी देण्याची पद्धत चांगलीच रुळली. अल्बमच्या पानावर तो घेणाऱ्यांची छोटी चित्रे दिसतात. त्यांपैकी एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाने आणखी काय घेतले ते उघड होते, आणि श्रोता एका बँडवरून दुसऱ्यावर जातो. संगीतप्रकार आणि गाव यांच्या खुणांनीही शोध घेता येतो. २०१६ पासून ‘बँडकॅम्प डेली’ हे नियतकालिक संगीतावर लेख छापते. तरीही या संकेतस्थळावर श्रोते आपसूक येतील ही अपेक्षा फोल आहे. येणारे बहुतेक जण बँडने स्वतः पाठवलेले असतात.

कलाकार : अमेरिकन गायिका अमांडा पामर हिने २०१० मध्ये आपल्या रेकॉर्ड कंपनीशी नाते तोडले आणि जुलैत उकुलेलेवर वाजवलेल्या रेडिओहेडच्या गाण्यांचा लघुअल्बम बँडकॅम्पवर काढला. किमान किंमत होती ८४ सेंट. मूळ रचनांच्या हक्कांचे पैसे आणि पेपॅलचे शुल्क भागावे इतकीच. दुसऱ्याचे गाणे गायले की रचनेचे पैसे रचनाकाराचे, हा हिशेब तिने किमतीतच बसवला होता. पुढे २०१२ मध्ये किकस्टार्टरवरच्या तिच्या लोकवर्गणीच्या मोहिमेत जवळपास १२ लाख डॉलर जमले, तेही सुमारे २५,००० माणसांकडून. २०१० मध्येच अमेरिकन गायक सफ्यान स्टीव्हन्स याने ‘ऑल डिलायटेड पीपल’ हा लघुअल्बम आधी बँडकॅम्पवर आणला. व्हर्जिनियातल्या विल टोलेडो याची गोष्ट संथ आणि म्हणूनच अधिक बोलकी. घरात मोकळेपणाने गाता येईना, म्हणून तो मोटारीत बसून गात असे. कार सीट हेडरेस्ट हे त्याच्या बँडचे नाव त्यातूनच पडले. २०१० पासून त्याने एकामागून एक असे डझनभर अल्बम बँडकॅम्पवर टाकले, मोठा गाजावाजा न करता. २०१५ मध्ये मॅटाडोर या कंपनीने त्याला करारबद्ध केले, तेव्हा श्रोतृवर्ग आधीच तयार होता.

भारतात बँडकॅम्पचा वापर मुख्यतः मेटल, इलेक्ट्रॉनिक आणि इंग्रजी रॉक या वर्तुळांत आढळतो. विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ हा अल्बम २०१७ मध्ये काढणारा मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड तिथे आहे. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँडही. मराठी भावगीत, लोकसंगीत, अभंग यांचा श्रोता मात्र यूट्यूबवर आहे आणि पैसे देऊन फाइल उतरवण्याची सवय त्याला लागलेली नाही. त्यात पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत व्यवहार थांबवले. त्यामुळे पुण्यातल्या बँडला बर्लिनच्या श्रोत्याकडून पैसे घेणे कोथरूडच्या श्रोत्याकडून घेण्यापेक्षा सोपे, अशी विचित्र स्थिती आली.

महासाथ आणि मालकी : कोविडमुळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा २० मार्च २०२० या दिवशी बँडकॅम्पने आपला हिस्सा सोडला. त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलर खर्च केले. हिस्सा न घेण्याचा ‘बँडकॅम्प फ्रायडे’ हा उपक्रम त्यानंतर बऱ्याच महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी चालू राहिला. अनेक कलाकार नवा अल्बम मुद्दाम त्याच दिवशी काढू लागले.

मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओगेम कंपनीने बँडकॅम्प विकत घेतले. २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी मतदान करून संघटना स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस सॉन्गट्रेडर या संगीतपरवाने पुरवणाऱ्या कंपनीला विक्री जाहीर झाली आणि ऑक्टोबरमध्ये जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. कलाकारांकडून घेतला जाणारा हिस्सा मात्र वाढला नाही. दोन वर्षांच्या आत दोनदा मालक बदलल्यावर बरेच संगीतकार आपल्या श्रोत्यांच्या पत्त्यांची यादी संकेतस्थळावरून उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवण्याचा सल्ला एकमेकांना देऊ लागले. ती सोय बँडकॅम्पवर आहे.