एका प्रशिक्षकाचा लांबलेला मृत्यू

विमान धावपट्टी सोडते. आत बसलेली शाळकरी मुलगी, ओका हिरोमी, टेनिस खेळायला परदेशी निघाली आहे. इकडे इस्पितळाच्या खाटेवर तिचा प्रशिक्षक मुनाकाता जिन, वय वर्षे २७, आपल्या रोजनिशीत तिच्यासाठी अखेरचे शब्द लिहितो आणि प्राण सोडतो. ते शब्द म्हणजेच कथेचे नाव : ‘एस ओ नेराए!’ एसचा वेध घे. समोरच्याला रॅकेटही लावता येत नाही अशी सर्व्हिस म्हणजे एस, आणि संघातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू तोही एस.

यामामोतो सुमिका या चित्रकथाकर्तीने ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात १९७३ साली ही कथा सुरू केली. त्याच वर्षी तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. त्या मालिकेत हा मृत्यू नाही. तो चित्रपटगृहात दिसला १९७९ मध्ये. आणि त्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मुलीचे काय झाले, हे सविस्तर पाहायला प्रेक्षकांना १९८८ उजाडावे लागले. तेही दूरचित्रवाणीवर नव्हे, पदरचे पैसे मोडून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. एका काल्पनिक माणसाच्या मरणाला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. त्याचे उत्तर टेनिसमध्ये थोडे आहे. प्रक्षेपणाच्या आणि कॅसेटच्या अर्थकारणात जास्त आहे.

जपानमध्ये क्रीडाकथांचे पीक आले ते १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकनंतर. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी जपानी महिलांनी व्हॉलीबॉलच्या निर्णायक सामन्यात सोव्हिएत संघाला हरवले. त्या प्रक्षेपणाला ६६.८ टक्के प्रेक्षक लाभले, असा तिथल्या मोजणीचा आकडा आहे. या मुलींपैकी बहुतेक जणी निचिबो या कापडगिरणीच्या काइझुका कारखान्यात काम करणाऱ्या. दिवसभर काम, मग मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु हिरोबुमी. ‘माझ्यामागे या’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक जपानभर गाजले. जमिनीवर कोलांटी घेत चेंडू उचलायचा आणि लगेच उभे राहायचे, हे त्यांनी घोटून घेतलेले तंत्र. यातून ‘कोंजो’ हा शब्द घराघरात गेला. जिद्द म्हणा, चिवटपणा म्हणा. मला ‘दम’ हा आपला शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात श्वासही आहे आणि दटावणीही.

या दमाच्या कथांचा मेरुमणी म्हणजे ‘क्योजिन नो होशी’. काजिवारा इक्कीचे लेखन, कावासाकी नोबोरूची चित्रे, आणि १९६८ ते १९७१ या काळात १८२ भागांची मालिका. बाप आपल्या कोवळ्या मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचा सापळा बांधून त्याला बेसबॉल शिकवतो. मराठी वाचकाला हे दूरचे वाटेल, पण हीच कथा डिसेंबर २०१२ मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने कलर्स वाहिनीवर मुंबईच्या झोपडपट्टीत अवतरली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले आणि स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब. लोखंडाऐवजी रबर आले, एवढीच काय ती सवलत त्या पोराला मिळाली.

‘एस ओ नेराए!’ याच घराण्यातली, पण चालीने वेगळी. टेनिस हा गिरणीतला खेळ नव्हे. युवराज अकिहितो आणि शोदा मिचिको यांची गाठ १९५७ साली कारुइझावाच्या टेनिस कोर्टवर पडली, १९५९ मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि त्या खेळाला प्रेमाचे नि प्रतिष्ठेचे वलय आले. कथेतली वरच्या वर्गातली राणी र्‍यूझाकी रेइका सोनेरी कुरळ्या बटा मिरवते आणि तिला सगळे ‘ओचो फुजिन’, म्हणजे फुलपाखरूबाई म्हणतात. शाळकरी मुलीला ‘बाई’ म्हणण्यातला विनोद यामामोतोंना कळत असणारच. हिरोमी तिच्यावर भाळून क्लबात आलेली, काळे मांजर पाळणारी, साधारण खेळाची मुलगी. मुनाकाता पहिल्याच सुमारास तिला थेट संघात घेतो. का, ते सांगत नाही. तिला विचारतही नाही. इतर मुली तिचा छळ करतात, आणि ‘मीच का?’ हा तिचा प्रश्न कथाभर लोंबकळत राहतो.

मालिकेचा पहिला भाग ५ ऑक्टोबर १९७३ रोजी दिसला. त्याच महिन्यात तेलाचे संकट आले आणि हिवाळ्यात जपानी वाहिन्यांनी रात्रीचे प्रक्षेपणच आवरते घेतले. दिग्दर्शक होते देझाकी ओसामु, वय तिशीच्या आत, आणि चित्रांची सूत्रे सुगिनो आकिओंकडे. दोघेही तेझुका ओसामुंच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये घडलेले, तिथून बाहेर पडून १९७२ साली मॅडहाउस उभारणाऱ्यांपैकी. तोक्यो मूव्हीसाठी त्यांनी हे काम केले. पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत आणि २९ मार्च १९७४ रोजी २६ भागांत मालिका आटोपली. साप्ताहिकातली कथाही तोवर मुनाकाताच्या मृत्यूपर्यंत पोचली नव्हती. म्हणजे तो जगला, तो कोणाच्या दयेने नव्हे, वेळापत्रकामुळे.

पुढे जे घडले ते विलक्षण आहे. पुनःप्रक्षेपणात मालिका मुलांना आवडू लागली, हळूहळू फार आवडू लागली. त्या काळी संपलेली मालिका म्हणजे विझलेला दिवा. वाहिनीने पुन्हा लावला तरच दिसणार. चाहते दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर धरून नुसता आवाज साठवत. सोनीचे बीटामॅक्स १९७५ साली आले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली, पण यंत्र नि फीत दोन्ही सामान्यांच्या आवाक्याबाहेर. पुनःप्रक्षेपणाच्या लोकप्रियतेवर १९७८ मध्ये २५ भागांची नवी मालिका निघाली आणि ८ सप्टेंबर १९७९ रोजी देझाकींचाच चित्रपट आला. अवघा ८८ मिनिटांचा. माझ्या मते देझाकींचे हे सर्वांत नेमके काम, कारण त्यात पाल्हाळाला जागाच नाही.

देझाकींच्या शैलीविषयी थोडे थांबून सांगायला हवे. दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर चित्रे कमी काढावी लागतात. ही काटकसर ‘तेत्सुवान आतोम’पासून, म्हणजे १९६३ पासून, जपानी चलच्चित्रांच्या हाडीमाशी खिळली होती. देझाकींनी त्या काटकसरीचेच अलंकार केले. उत्कट क्षणी हालचाल थांबते आणि ते चित्र एकाएकी रंगवलेल्या, रेषा खरवडलेल्या चित्रात बदलते, जणू कोणी त्या क्षणाचे पोस्टकार्ड करून ठेवले आहे. तोच फटका लागोपाठ तीनदा सरकत येतो. टेनिसमध्ये चेंडू हवेत असतो तेवढ्या वेळात खेळाडूच्या मनात काय काय होते, ते दाखवायला याहून सोयीची युक्ती सापडणार नाही. घरच्या व्हीएचएस यंत्रावर तुम्ही चित्र थांबवले की ते थरथरते, त्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. देझाकींनी थांबवलेले चित्र मात्र स्थिर राहते. कॅसेटवर पाहणाऱ्याला हा फरक बोटाला जाणवत असेल.

डिसेंबर १९८३ मध्ये ‘डालोस’ थेट व्हिडिओवर विक्रीला आले आणि वाहिनी व चित्रपटगृह दोन्ही टाळून निघणाऱ्या चित्रांचा नवा बाजार उघडला. अर्ध्या तासाची एक कॅसेट दहा हजार येनच्या आसपास. एवढे पैसे शाळकरी मुले कोठून आणणार? भाड्याच्या दुकानांतून आणावी, नाहीतर कमावत्या चाहत्याने घ्यावी. पण निर्मात्यापुढून प्रेक्षकसंख्येचा तक्ता दूर झाला आणि खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाची मर्जीही. ज्यांनी १९७०च्या दशकात पुनःप्रक्षेपण पाहिले होते ते आता पगारदार झाले होते, आणि जपानच्या तेजीची ती वर्षे होती. १९८८ साली ‘एस ओ नेराए! २’ व्हिडिओवर आले, १३ भाग. त्यापाठोपाठ ‘फायनल स्टेज’, १२ भाग, १९९० पर्यंत. सूत्रे पुन्हा देझाकी नि सुगिनोंकडे. मुनाकाता इथे जवळजवळ सुरुवातीलाच जातो. पुढचे भाग हिरोमीचे. ती कोसळते, रॅकेट हाती धरवत नाही. मुनाकाताचा मित्र कात्सुरा दाइगो, जो झेन भिक्षू आहे, तिचा नवा प्रशिक्षक होतो. शोक हा दर आठवड्याला जाहिरातींच्या मध्ये दाखवायचा विषय नाही. कॅसेटवर तो सावकाश उलगडता आला. त्याच १९८८च्या शरदात गायनॅक्स कंपनीने आणि आन्नो हिदेआकी या तरुण दिग्दर्शकाने ‘टॉप ओ नेराए!’ काढले. नाव अर्धे ‘टॉप गन’चे, अर्धे याच टेनिसकथेचे. त्यात यंत्रमानव चालवणाऱ्या मुलींनाही करडा, आजारी प्रशिक्षक आहे. थट्टा आहे, पण ज्याने मूळ गोष्ट पाठ केली आहे त्यानेच करावी अशी.

पुढे डीव्हीडीचे संच आले आणि १९७३, १९७९, १९८८ ही तिन्ही वर्षे एका फळीवर शेजारी बसली. तसे ओळीने पाहताना मला एक गोष्ट अडते, ती सांगतो. पहिल्या मालिकेत मुनाकाताचा हेका हा प्रशिक्षकाचा गुण म्हणून येतो. चित्रपटात आपण त्याला माफ करतो, कारण तो मरणार हे आपल्याला ठाऊक आहे. हे थोडे लबाडीचे आहे. त्याच्याकडे वेळ नव्हता, म्हणून मुलीला न विचारता तिचे आयुष्य त्याने ठरवले. पण वेळ नसलेला प्रशिक्षक आणि विचारायची गरजच न वाटणारा प्रशिक्षक यांच्यात कोर्टवरच्या मुलीला फरक कसा कळावा? ओसाकाच्या एका शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये बास्केटबॉल संघाच्या कर्णधार मुलाने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय स्तरावरच्या १५ महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षकांकडून होणाऱ्या हिंसेची तक्रार केल्याचे उघड झाले. तोक्योत पुन्हा ऑलिंपिक भरायचे होते त्या २०२० साली ह्यूमन राइट्स वॉचने जपानी बालखेळाडूंच्या छळावर अहवाल काढला. चित्रकथेने हे घडवले असे म्हणणे बालिश ठरेल. गिरणीतला मध्यरात्रीचा सराव चित्रकथेच्या आधीचा आहे.

कॅसेटवरची मालिका मला म्हणूनच मोलाची वाटते. तिच्यात तो माणूस गेलेला आहे आणि त्याच्या आज्ञा उरल्या आहेत. कात्सुरा तिला देवळात ठेवून घेतो, रोजच्या कामाला लावतो, थांबतो. ती परत कोर्टवर येते तेव्हा समोर बाकावर मुनाकाता नसतो, आणि सर्व्हिससाठी चेंडू वर फेकायचा की नाही, हे तिलाच ठरवायचे असते.