काळ्या मृत्यूची एक देखणी गोष्ट

सीसीआर५ हा पांढऱ्या पेशींवरचा एक रिसेप्टर. एचआयव्ही बहुतेक वेळा त्यालाच धरून आत शिरतो. १९९६ मध्ये कळलं, की काही माणसांच्या या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई-वडील दोघांकडूनही अशी गळकी प्रत आली, तर विषाणूला सहसा दारच सापडत नाही. उत्तर युरोपात ही प्रत साधारण दहा टक्के, दक्षिणेकडे कमी. आफ्रिकेत आणि पूर्व आशियात मुळात जवळजवळ नाहीच.

आता हे असं का? एचआयव्ही तर अगदी कालचा. १९९८ मध्ये संशोधकांनी या गळतीचं वय सुमारे ७०० वर्षं काढलं आणि बोट गेलं थेट १३४८ च्या काळ्या मृत्यूकडे. आम्हीही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगायचो, खोटं कशाला बोला! मग कोणी देवीचं नाव पुढे केलं. उंदरांमधून हा रिसेप्टर काढून त्यांना प्लेग देऊन पाहिला, तर ते काही जास्त जगले नाहीत. २००५ मध्ये जनुकांच्या नव्या नकाशांवर गणित पुन्हा मांडलं, तेव्हा वय निघालं ५००० वर्षांहून जास्त. कांस्ययुगातल्या हाडांतही ती गळती सापडली. म्हणजे १३४८ च्या कितीतरी आधीची. मग उत्तरेत ती एवढी पसरली कशी? निव्वळ योगायोगानेही पसरली असेल, असं २००५ च्या त्याच अभ्यासाचं म्हणणं.