शान्शीचा सुभेदार

१९११ सालच्या ऑक्टोबरात वूचांगच्या छावणीत बंड झाले आणि चीनच्या मांचू बादशाहीचे सुभे एकामागून एक निखळू लागले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस शान्शी प्रांताच्या थायुआन या राजधानीत बादशाही सुभेदार लू चुंग-ची मारला गेला, आणि जपानच्या लष्करी विद्यालयातून दोन वर्षांपूर्वी परतलेला, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा येन शी-शान प्रांताचा सेनापती झाला. पुढल्या अंदाधुंदीत कित्येक सरदारांच्या मसनदी वर्षा-दोन वर्षांत उलथल्या; याने मात्र आपली सत्ता, मधला अल्पसा खंड सोडता, १९४९ पर्यंत राखली.

या दीर्घायुष्याचे पहिले कारण भूगोलात आहे. पूर्वेस थायहांग पर्वत, पश्चिमेस व दक्षिणेस पीत नदी, उत्तरेस महाभिंत, असा हा स्वभावतःच तटबंदीचा मुलूख. दुसरे कारण त्याच्या संस्कारांत शोधावे लागते. पिंगयाव व थायगू येथील ज्या पेढ्या आपल्याकडील हुंडीप्रमाणे कागदाच्या बळावर सबंध चीनभर पैसा फिरवीत, त्यांच्याच प्रांतातला हा एका लहान सावकाराचा मुलगा. बापाचे दिवाळे निघालेले त्याने तरुणपणीच पाहिले होते. म्हणून जो प्रबळ त्याच्याशी सलोखा करावा, परक्यांच्या युद्धांत शक्यतो पडू नये आणि मिळेल ती उसंत आपल्या मुलखाच्या बंदोबस्तात खर्चावी, हे त्याचे धोरण ठरले.

१९१७ मध्ये मुलकी कारभारही हाती येताच त्याने सहा सुधारणांचा हुकूम काढला: पाटबंधारे, रेशीमपैदास, वृक्षारोपण, अफूबंदी, पुरुषांची वेणी कापणे आणि मुलींचे पाय बांधण्याची बंदी. गावोगाव मुखत्यार नेमून अंमलबजावणीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, बंदी मोडणाऱ्यांना दंड बसवले. थायुआनला शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. १९३३ पासून प्रांतभर उत्तर-दक्षिण मीटरगेज रेल्वे घातली जाऊ लागली, जिच्यावर चीनच्या रुंद मार्गांचे डबे धावू शकत नसत. काटकसर आणि सावधगिरी या दोहोंची सोय त्यात एकदमच झाली. शान्शीला ‘आदर्श प्रांत’ ही कीर्ती मिळाली ती अशी.

तट सोडून तो १९३० मध्ये बाहेर पडला. फंग यू-शियांग या दुसऱ्या सरदारासह तो राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख चँग कै शेक याच्याविरुद्ध उभा राहिला. परंतु मांचुरियाच्या चांग श्युए-लियांगने चँगची बाजू घेताच डाव उधळला, आणि येनला काही काळ दैरेन बंदरात आश्रय घ्यावा लागला. परतल्यावर त्याने पुन्हा जम बसवला, तोच १९३७ च्या नोव्हेंबरात जपान्यांनी थायुआन घेतले.

येनच्या सुधारणांत एक उणीव होती: त्याने गावाला जबाबदारी दिली, पण अधिकार कधी दिला नाही. सुधारणा वरून हुकुमाने आली आणि हुकूम ढिला पडताच सैलावली. युद्धकाळात कम्युनिस्ट फौजांनी तळ ठोकले ते त्याच थायहांगच्या खेड्यांत. जपानच्या पराभवानंतर पुन्हा येनकडे आलेले थायुआन २४ एप्रिल १९४९ रोजी कम्युनिस्टांच्या हाती पडले तेव्हा येन आधीच विमानाने निघून गेलेला होता. पुढे काही महिने तो राष्ट्रवादी सरकारचा पंतप्रधान म्हणून राहिला आणि १९६० मध्ये तैवानात वारला. डोंगरांनी परक्या फौजा अडतील हा त्याचा हिशेब बराच काळ बरोबर ठरला. डोंगरांतली रयत मात्र त्याने आपल्या जमाखर्चात धरलीच नव्हती.