ज्योत्स्नाला किती चौकटी?

कोड लिहिणाऱ्या कुणाच्याही स्क्रीनवर डोकावून बघा. बारीक 'आय'ला जेवढी जागा, तेवढीच ऐसपैस 'डब्ल्यू'ला. अशा फॉन्टला मोनोस्पेस्ड म्हणतात. ओळीखाली ओळ, आकड्याखाली आकडा नीट बसतो. ही शिस्त कॉम्प्युटरने आणलेली नाही, ती टाइपरायटरची. बटण दाबलं की गाडा ठरावीक अंतरच सरकणार, अक्षर कोणतंही असो.

१९५५ साली गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. कारखाना विक्रोळीचा, म्हणजे घाटकोपरच्या पुढचं स्टेशन. इंग्रजीला सोयीची असलेली ही चाल देवनागरीच्या गळ्यात बांधायची, तर तोडजोड अटळ होती. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्यासाठी गाडा न हलवणारी बटणं आली. रेमिंग्टन मांडणीत ख, ण, थ, ध, भ, श यांना पूर्ण बटणच मिळालं नाही. अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना जोडायचा. र्‍हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण टाइप करायची आधी. ठळक अक्षर हवं असेल, तर मागे येऊन त्यावरच पुन्हा ठोका. इंग्रजीत हे खपायचं. देवनागरीत शिरोरेघ जाड झाली की 'क्ष'च्या पोटातली आधीच चिमुकली जागा शाईने भरून जायची.

हे टाइपरायटर २००९पर्यंत बनत होते. तोवर देवनागरी स्क्रीनवर रुळली होती. पवईच्या आयआयटीत शिकवलेले आणि पुढे जुहूच्या एनसीएसटीत काम केलेले र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' फॉन्ट घडवला. त्यात प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाची रुंदी मिळाली. जोडाक्षरं मोकळी झाली.

पण आम्हा प्रोग्रॅमर मंडळींच्या काळ्या खिडकीत, टर्मिनलमध्ये, जुनी चौकट तशीच राहिली. तिथे गणित साधं आहे: एक संकेत, एक अक्षर, एक चौकट. आता 'ज्योत्स्ना' घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं दोन दिसतात: 'ज्यो' आणि 'त्स्ना'. युनिकोडच्या हिशेबात संकेत दहा: ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना. एखाद्या प्रोग्रॅमने नावाचा रकाना आठ संकेतांवर छाटला, तर उरतं 'ज्योत्स्'. रिपोर्टमधल्या उभ्या रेघा वाकड्या होणं एक वेळ चालेल. माणसाचं नाव अर्ध्यात तुटणं चालणार नाही.

चांगला ठळक मोनोस्पेस्ड मराठी फॉन्ट म्हणूनच नुसता अक्षरं सारखी रुंद करून होत नाही. शिरोरेघ चौकटींच्या सांध्यावर तुटता कामा नये. बारीक आकारातही 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे दिसले पाहिजेत, 'रवाना'चं 'खाना' होता कामा नये. रुंद जोडाक्षराला दोन चौकटी द्याव्या लागतील. आणि लांबी मोजताना सॉफ्टवेअरने संकेत न मोजता अक्षरं मोजली पाहिजेत. हे शेवटचं काम फॉन्ट करणाऱ्याचं नाही, आमचं आहे.

टाइपरायटरच्या कारागिरांसमोर लोखंडाची अडचण खरी होती. गाडा सरकवणारे दात त्यांना अक्षरागणिक बदलता येत नव्हते. तरीही न हलणारी बटणं बसवून त्यांनी मराठीला जागा करून दिली. आमच्या चौकटीला लोखंड नाही. ती फक्त कोडच्या काही ओळींत आहे, आणि ओळी बदलता येतात.