तंबोऱ्याची घोडी व मिरजेचे शिकलगार

तंबोरा वाजू लागला की श्रोत्यांची दृष्टी गायकाकडे जाते. तबलीवर बसविलेल्या बोटभर रुंदीच्या घोडीकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु वाद्याचा नाद गोड की कोरडा, हे पुष्कळ अंशी तीच ठरविते.

व्हायोलिनची घोडी उभी व पातळ असते. तंबोऱ्याची रुंद असून तिचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते. त्यामुळे मूळ षड्जासह वरचे सहस्वर जागे होतात व स्वयंभू गांधार ऐकू येतो. हीच जवारी होय. माथा सपाट ठेवल्यास ती खुली, अधिक गोल केल्यास बंद होते. तारेखालचा दोरा केसभर सरकविला तरी नाद बदलतो. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे स्थिर राहणारे सहस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य नियम होता. तंबोरा तो मोडतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले.

ही घोडी घासणारे हात कोणाचे? मिरजेतील तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी सुरू केला, असे परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांची शस्त्रे निरुपयोगी होऊ लागली, तेव्हा ज्या हातांना पोलादाचा केसभर उंचवटा कळत होता, त्यांनी तोच अंदाज घोडीवर चालविला. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे मिरजेत येऊ लागले, वाद्ये देशभर जाऊ लागली. पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते मागे पडून हाड व लाकूड आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले.

हा इतिहास आम्ही रोडपालीच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहो. १९७० नंतर नवी मुंबईसाठी पनवेल-उरण भागातील शेतजमिनी गेल्या व पिढीजात उद्योग अनेक घरांतून सुटला. जमिनीचा मोबदला संपतो; हातचे कसब जपले तर नवे काम शोधून काढते. आज यंत्रातून निघणारा तंबोरा स्वस्त झाला आहे, आणि कानाने जवारी काढणारा कारीगर दुर्मिळ होत चालला आहे. तेव्हा ज्ञातिबांधवांच्या घरी जुना तंबोरा असेल, तर तो माळ्यावर न टाकता कारागिराकडे न्यावा, आणि सोबत घरातील एखादे मूल न्यावे. घोडी घासताना स्वर कसा उघडतो, हे त्याने आपल्या कानांनी ऐकावे.