१० वाजून ८ मिनिटांनी निफ्टी थांबला

सकाळी ९:१५
२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजार नेहमीप्रमाणे उघडला. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या फ्युचर्स-ऑप्शन्सची मुदत संपणार होती, त्यामुळे सौद्यांना जोर होता. बाजाराचं मुख्यालय मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात असलं तरी परभणी, सेलू, गंगाखेडला मोबाईलवर सौदे करणारा माणूसही त्याच यंत्रणेच्या भरवशावर पैसे लावतो. म्हणून तो दिवस मुंबईपुरता नव्हता.

सकाळी १०:०८
निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे जागच्या जागी थिजले. सौदे मात्र होत राहिले. दीड तासाहून अधिक काळ लोक शिळ्या निर्देशांकाकडे बघत खरेदी-विक्री करत होते. ही अवस्था मला पूर्ण बंद पडण्याहून धोक्याची वाटते.

बाजाराचा मुख्य माहितीसाठा आणि जवळच्या दुसऱ्या केंद्रातला साठा दूरसंचार वाहिन्यांनी जोडलेले होते. वाहिन्या एकाहून जास्त, कंपन्याही दोन. दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्या त्या सकाळी डळमळल्या. दोन केंद्रांमधल्या मार्गावर चाललेलं खोदकाम हे त्याचं कारण पुढे सांगितलं गेलं. कागदावर दोन वेगळ्या वाटा, जमिनीवर एकच संकट.

वाहिन्या गेल्या तरी मुख्य साठा चालू राहायला हवा होता. तो सर्व्हरना दिसेनासा झाला. जोखीम मोजणारी प्रणाली, क्लिअरिंग-सेटलमेंट, निर्देशांक, देखरेख, सगळं त्याच साठ्यावर. सौदे जुळवणारी मुख्य यंत्रणा तेवढी ठणठणीत होती.

सकाळी ११:४०
सौदे थांबवले. कोणाच्या खात्यात किती तारण आहे आणि त्याने किती जोखीम घेतली आहे, हे कळत नसताना बाजार चालू ठेवणं म्हणजे देशभरातल्या लोकांचा पैसा टांगणीला लावणं. थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, तो उशिरा झाला.

दुपारी १२ ते ३
मुंबई शेअर बाजार चालू, राष्ट्रीय बंद. पुन्हा कधी उघडणार, याचं उत्तर मिळत नव्हतं.

या रिकाम्या तासांत मूळ मुद्द्याकडे, म्हणजे माहितीसाठ्याकडे वळतो. सर्व्हर घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, किती टेराबाइट? येलदरी धरणात पाणी किती मावतं ही एक गोष्ट आणि दरवाज्यांतून एका वेळी किती सुटतं ही दुसरी. साठवणीत ते दरवाजे म्हणजे सर्व्हरला साठ्याशी जोडणारे होस्ट अडॅप्टर आणि साठ्याच्या प्रत्येक भागाची, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूमची, रांग. समजा एका व्हॉल्यूमच्या रांगेत ३२ मागण्या मावतात. प्रत्येक मागणी १ मिलिसेकंदात पुरी झाली तर सेकंदाला ३२,००० कामं होतात. तीच १० मिलिसेकंदांवर गेली, की ३,२००. डिस्क तीच, अडॅप्टर तेच. म्हणून भार अनेक व्हॉल्यूमवर वाटतात, आणि दोन वेगळ्या स्विचमार्गांवरच्या अडॅप्टरपैकी कोणावरही त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त भार टाकत नाहीत. एक गेला तर उरलेल्याला सगळं पेलता यायला हवं.

आता यात दुसऱ्या केंद्रातली प्रत जोडा. एकही नोंद हरवू नये म्हणून प्रत्येक नोंद पलीकडेही लिहिली गेल्यावरच सर्व्हरला ‘झालं’ असा निरोप मिळतो. वाहिनी धड तुटतही नाही, धड चालतही नाही, तेव्हा तो निरोप अडकतो आणि रांगा तुंबतात. दहा अडॅप्टर लावले तरी उपयोग नाही. पलीकडचं केंद्र गेलं तर एकट्याने लिहीत राहायचं की थांबायचं, हे साठवणीला आधीच शिकवावं लागतं, आणि वाहिन्या खऱ्याखुऱ्या ओढून, अर्धवट खिळखिळ्या करून, ते तपासावं लागतं. त्या दिवशी घात झाला तो इथे.

दुपारी ३:१५ नंतर
दिवसाचे सौदे बंद करण्याची वेळ आली. अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात उरकले. साडेतीनला थोडा वेळ उरला असताना घोषणा झाली, की राष्ट्रीय बाजार ३:४५ ला उघडेल आणि ५ पर्यंत चालेल. ज्यांचे सौदे आधीच कापले गेले, त्यांच्यासाठी ती फार उशिरा आली. त्यांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

संध्याकाळी ५:००
निफ्टी २७४ अंकांनी वर, १४,९८२ वर बंद झाला. सेन्सेक्स हजाराहून जास्त अंकांनी चढला.

चेन्नईला आपत्कालीन केंद्र असताना कारभार तिकडे का हलवला नाही, याचा खुलासा बाजार नियामक सेबीने मागितला. २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकाने नियम कडक झाले: महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचं. २४ फेब्रुवारीला हा हिशोब लागू असता, तर १०:०८ ला थिजलेला बाजार ११:२३ पर्यंत चेन्नईहून चालू झाला असता.